सुनेच्या जागी सासू

आमच्या कंपनीत माणूस दोन प्रकारे गैरहजर राहतो. गावच्या जत्रेला गेलेला माणूस रजेवर असतो. भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, गेलेला माणूस पळून गेलेला असतो. दोघंही सारखेच दिवस जातात, येताना दोघंही डब्यात काहीतरी घेऊन येतात, पण जत्रेवाला आला की सुपरवायझर विचारतो, "काय, बोकड कसा होता?" आणि आवणीवाली आली की विचारतो, "तुला परत घ्यायचं का?"

कंपनी सुप्याच्या एमआयडीसीत आहे. मोटारगाडीच्या पोटात वायरींचं जे जाळं असतं ते आम्ही बांधतो. समोर मोठा तिरपा बोर्ड, त्यावर खुंट्या, खुंट्यांमधून रंगीत वायरी ओढायच्या आणि त्यांना टेप गुंडाळायची. लाइनवर बहुतेक बायकाच, कारण आम्ही बोलत बोलत गुंडाळतो आणि तरी चुकत नाही. लाइनवर शर्ट दोन रंगांचे. निळा म्हणजे कायम, करडा म्हणजे ठेकेदाराचा माणूस. सुपा, पारनेर, नगर, भिंगार इकडची माणसं बरीचशी निळ्यात. आम्ही अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या, म्हणजे आदिवासी, झाडून सगळ्या करड्यात. असा नियम कुणी केलेला नाही. नियम असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

आमच्याकडे पाऊस उदंड. धरण भरतं आणि पाणी कालव्याने खाली जातं. खाली ऊस होतो, साखर कारखाने होतात, कॉलेजं होतात. पाण्याच्या मागोमाग आम्हीही उतरलो. फक्त पाण्याला मधे कुणी ठेकेदार लागला नाही.

मी बारावी झाले, कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी नवऱ्याबरोबर सुप्याला खोली घेतली. नवरा भाजीपाल्याची पिकअप चालवतो, त्यामुळे घरी असला की झोपलेला असतो आणि नसला की फोनवर असतो. कंपनीत मी डोंगरची म्हटल्यावर सगळ्या मैत्रिणींचे प्रश्न ठरलेले. घराच्या आसपास बिबट्या दिसतो का? मध मिळतो का? पहिल्या वर्षी मी प्रामाणिकपणे नाही म्हणायचे. मग बघितलं, खरं सांगितलं की त्यांचे चेहरे पडतात. तेव्हापासून बिबट्या आमच्या अंगणात येऊन बसतो आणि मध मी संगमनेरच्या किराणा दुकानातून आणते, लेबल भिजवून काढते. डोंगरच्या मधाची चवच वेगळी, असं सगळ्या म्हणतात.

करड्या शर्टाची गंमत अशी, की वर्ष भरत आलं की तो अंगावरून उतरवतात. महिनाभर घरी बसायचं, मग पुन्हा यायचं, आणि पुन्हा आलं की आपण नवीन. ट्रेनिंगच्या खोलीत बसून हात कसे धुवायचे त्याचा व्हिडिओ बघायचा. टेप कशी धरायची ते शिकायचं. शिकवणारी मुलगी निळ्या शर्टातली, आणि तिला टेप धरायला मी शिकवलेली. ती बिचारी माझ्याकडे न बघता शिकवायची आणि मी मुद्दाम हात वर करून शंका विचारायचे.

एकदा मी एचआरच्या साहेबांना विचारलंच. साहेब तरुण, राहात्याकडचे, घरी पेरूची बाग असलेले, स्वभावाने चांगले. चांगलेच म्हणायला हवेत, कारण ते आमच्या तोंडावर कधी ओरडले नाहीत. मी म्हटलं, "साहेब, मी इथे तिसऱ्यांदा नवीन आहे. आधीचं काहीच कसं धरत नाही?"

"सिस्टिम तशी आहे हो," ते म्हणाले. "मधे बाहेर बसलं की पुन्हा पहिल्यापासून."

हे मी गावी गेल्यावर सासूबाईंना सांगितलं. सासूबाई म्हणजे आमच्या वाडीतली सगळ्यात लांब जिभेची आणि सगळ्यात लांब स्मरणाची बाई. त्यांनी सुपारी कातरायची थांबवून सगळं ऐकलं. हात धुवायचा व्हिडिओ दोनदा सांगायला लावला.

"म्हंजी आदी केलेलं काम कुटं जातं?" त्यांनी विचारलं.

"कुठेच जात नाही, आत्याबाई. धरत नाहीत."

"बरं," असं म्हणून त्या सुपारी कातरू लागल्या. त्यांचं 'बरं' मला तेव्हाच जरा जास्त शांत वाटलं होतं.

मग एका जूनमध्ये साहेबांनी लाइनवर येऊन सांगितलं, की करड्यातल्या दोघींना निळा शर्ट मिळणार. काम, वागणूक, हजेरी, सगळं बघून ऑगस्टमध्ये नावं लागतील. "पण जुलैत एकही खाडा नको," ते म्हणाले, आणि 'जुलै' म्हणताना बरोबर माझ्याकडे बघितलं. बाकीच्यांनीही बघितलं. आमच्यातली एखादी जुलैत सुप्याला असली तरी लोकांना वाटतं, हिची सावली आवणीला गेली असणार.

त्या शर्टासाठी माझा जीव किती अडकला होता ते सांगायला मला लाज वाटत नाही. मी दुकानात निळ्या रंगाची साडी बघायला लागले होते. डोंगरातल्या एकीला जरी मिळाला तरी पुढच्यांना म्हणता येईल की मिळतो. आणि मला पुन्हा हात धुवायला शिकायचं नव्हतं.

आता आवणीचं सांगायला हवं. आमच्याकडे भाताची रोपं उपटून चिखलात लावायची ती सावडीने. आज तुमच्या खाचरात आख्खी वाडी, उद्या आमच्या. पैसे द्यायचे नाहीत, दिवस द्यायचा. घरटी एक माणूस. ते माणूस कोण, हे कुणी विचारत नाही. सून आली, सासू आली, पाहुणा आलेला भाऊ आला, चालतं. जागा घराची असते, आणि घराने ती भरायची असते. ज्याने भरली नाही त्याच्या खाचरात त्याच्या पाळीला कुणी येत नाही, आणि मग ते घर एकटं चिखलात उभं असलेलं सगळ्यांना दिसतं.

त्या वर्षी नेमका सासूबाईंचा गुडघा गेला. चिखलात पाय रुतला की निघेना. गुडघा नगरच्या डॉक्टरांना दाखवायला त्या आमच्या सुप्याच्या खोलीवर येऊन राहिल्या आणि बसल्या बसल्या माझ्या भांड्यांच्या जागा बदलू लागल्या. गावी सासरे एकटे, नवरा गाडीवर; दुसऱ्यांच्या खाचरात सासऱ्यांनी जागा भरली, पण आमच्या खाचरात ते औत धरणार की रोपं लावणार? आमच्या खाचराची पाळी रविवारी आली. घरचं माणूस पाहिजे. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या आणि मी कॅलेंडरकडे.

"रइवारी तुमची कंपनी बंद असतीया न्हवं?" त्या म्हणाल्या.

"असते."

"मग शनवारी जा, रइवारी लाव, रातच्याला ये. माझ्या जागी तू."

हिशोब चोख होता. मी शनिवारी पाळी संपवून निघाले, बस बदलत बदलत वाडीत पोचले, रविवारी दिवसभर चिखलात वाकले. हात तेच काम करत होते जे बोर्डवर करतात, फक्त इथे कुणी शर्टाचा रंग बघत नव्हतं. संध्याकाळी शेवटच्या बसला निघाले तर घाटात दरड. बस गेली तशी परत आली. आमच्या वाडीत फोनला रेंज येते ती देवळामागच्या एका खडकावर, आणि त्या पावसात त्या खडकावर उभं राहायचं म्हणजे विजेला निमंत्रण. मी रात्रभर आढ्याकडे बघत पडले. सोमवारचा खाडा पडणार आणि निळा शर्ट जाणार, एवढंच डोक्यात.

इकडे सुप्याला काय झालं ते मी स्वतः बघितलं नाही. पण मला ते तिघांनी सांगितलंय, आणि सासूबाईंनी तर अजून सांगायचं थांबवलेलं नाही.

सोमवारी पहाटे मी आले नाही हे सासूबाईंनी बघितलं. त्यांनी चहा केला, नऊवारी नेसल्या, गुडघ्याला फडकं बांधलं, माझा डबा घेतला आणि पहिल्या पाळीच्या बायकांबरोबर कंपनीच्या बसमध्ये चढल्या. ड्रायव्हरला वाटलं कुणाची तरी आजी दवाखान्यात चाललीय. गेटवर सिक्युरिटीचे मामा होते. मामा भिंगारचे, फौजेतून निवृत्त झालेले, आणि फौज त्यांच्यातून अजून निवृत्त व्हायची होती.

"आजी, कुणाला भेटायचंय?"

"भेटायचं न्हाई. कामाला आलीया. सून आवनीला गेलीया माझ्या जागी, मी आलीया तिच्या जागी."

मामांनी सांगितलं की असं चालत नाही. सासूबाईंनी विचारलं, का चालत नाही. मामांनी सांगितलं, इथे प्रत्येकाची हजेरी तोंड बघून मशीन लावतं. सासूबाई मशीनपुढे जाऊन उभ्या राहिल्या. मशीनने लाल दिवा लावला. त्यांनी पदर मागे सारून पुन्हा तोंड दाखवलं. पुन्हा लाल.

"ह्याला म्हनावं, सुनंचं घर वळक. तोंड काय बघतुया?"

मागे पाळीच्या बायकांची रांग तुंबली. त्यांना आत जायची काही घाई नव्हती. मामांनी शेवटी एचआरच्या साहेबांना फोन लावला आणि साहेब गेटवर आले.

साहेबांनी नमस्कार केला, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. मग समजावलं. लाइनवर बाहेरच्या माणसाला नेता येत नाही, काही लागलं, शॉक बसला तर जबाबदारी कुणाची, विमा असतो, नियम असतात. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमी कुटलं?"

"राहात्याकडचा."

"घरी काय हाय?"

"पेरूची बाग आहे."

"पानी?"

"कालव्याचं."

"म्हंजी आमच्याच धरनाचं," सासूबाई म्हणाल्या. "आमचं पानी पिऊन येवडं झालात आनि मला आत घेईना व्हय."

रांग हसली. मामाही हसले आणि लगेच ताठ उभे राहिले. साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी सांगितलं, आजी, घरी जा, सुनेचा एक खाडा पडेल, त्याने काही आभाळ कोसळत नाही. सासूबाई म्हणाल्या, दिवस भरल्याबिगर जाऊ कशी, सून तिकडं माझ्या नावानं चिखलात उभी हाय. आणि त्यांनी मामांच्या खुर्चीवर बैठक मारली.

तेवढ्यात कँटीनवाल्याचा टेम्पो आला. मेथीच्या जुड्या होत्या. रिकाम्या हाताने बसणं सासूबाईंना जन्मात जमलेलं नाही, त्यांनी एक जुडी ओढली आणि निवडायला घेतली. कँटीनवाल्याने बघितलं की फुकटात मेथी निवडून मिळतेय, त्याने सगळ्याच जुड्या पुढ्यात ओतल्या. साहेबांनी कपाळाला हात लावला, हसले आणि आत गेले. त्या दिवशी कंपनीत दोन्ही पाळ्यांना मेथीच होती, आणि तिच्यात काड्या फार निघाल्या, कारण सासूबाई निवडताना बोलत होत्या.

पाळी सुटली तेव्हा साहेब बाहेर पडत होते. सासूबाई उठल्या, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "दिवस भरला. सुनंची हजेरी लावा."

"लावतो, आजी," साहेब हसत म्हणाले.

हे शब्द मामांनी ऐकले, कँटीनवाल्याने ऐकले, आमच्या लाइनवरच्या अर्ध्या बायकांनी ऐकले. साहेबांनी ते लहान मुलाची समजूत काढावी तसे म्हटले होते. पण सासूबाई लहान मूल नव्हत्या.

मी सोमवारी रात्री घाट मोकळा झाल्यावर परतले. खोलीत सासूबाई विजयी मुद्रेने बसल्या होत्या. "तुजा खाडा न्हाई पडला," त्या म्हणाल्या. मी सगळं ऐकलं आणि मला हसू आणि रडू एकदमच आलं. उद्या कंपनीत तोंड कसं दाखवू, असं झालं. मशीनला दाखवलं, त्याने हिरवा दिवा लावला. माणसांना दाखवायला जास्त वेळ लागला. महिनाभर सगळ्या मला विचारत होत्या, "आज तू आलीस का सासू आलीय?"

ऑगस्टमध्ये नावं लागली. त्यात मी नव्हते.

साहेबांकडे गेले. ते खरंच ओशाळले होते. म्हणाले, काम चांगलं आहे तुमचं, पण जुलैचा खाडा आहे, वरून विचारतात. ज्या दोघींना शर्ट मिळाला त्यातली एक जुलैत भावाच्या साखरपुड्याला तीन दिवस गेली होती. मी ते म्हटलं.

"ती कळवून गेली होती," साहेब म्हणाले.

तिने कळवलं होतं सुपरवायझरला, आणि सुपरवायझर तिच्या गावचा. आमच्या गावचा सुपरवायझर अजून जन्माला यायचाय.

"साहेब, मीही कळवलं होतं की," मी म्हटलं. "सासूला पाठवून कळवलं. याहून जास्त कसं कळवतात?"

मी बोर्डपाशी जाऊन उभी राहिले आणि त्या दिवशी टेप इतकी घट्ट गुंडाळली की तपासणाऱ्या बाईने ती परत पाठवली. राग आला होता, त्यात लपवण्यासारखं काही नाही. शर्ट न मिळाल्याचा राग थोडा होता. सासूबाईंना काय सांगू, याचा जास्त होता.

त्या एव्हाना गावी परतल्या होत्या, त्यांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग माझा दिवस कुटं गेला?"

"धरला नाही, आत्याबाई."

"बरं," त्या म्हणाल्या.

हिवाळ्यात माझा करडा शर्ट उतरवला, महिन्याने पुन्हा चढवला, पुन्हा हात धुतले. जून आला. सासूबाईंचा गुडघा बराच सुधारला होता, म्हणजे चिखलात उतरण्याइतका नाही पण बांधावर उभं राहून दुसऱ्यांना कामाला लावण्याइतका. त्यांचा फोन आला. "आपली पाळी रइवारीच आलीया औंदा. सायबाला सांग, तुमच्याकडं आमचा एक दिवस हाय. तुमी धरला न्हाई, तर तो सावडीत धरला जातो. यावं म्हनावं."

असा निरोप एचआरच्या साहेबांना द्यायचा म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यात हात घालायचा, असं कुणालाही वाटेल. मला मात्र आठवडाभर त्याच विचाराने गुदगुल्या होत होत्या. निरोप मी कँटीनमध्ये दिला, सगळे जेवत असताना, आणि योगायोगाने त्या दिवशी मेथी होती.

साहेब घास तोंडाशी धरून बघत राहिले. मग हसले. "येतो की," म्हणाले. "नाहीतरी त्या रविवारी आम्ही धबधबे बघायला तिकडेच येणार आहोत. येताना डोकावतो."

ही आणखी एक गंमत. जुलैत आमचे डोंगर बघायला सगळा जिल्हा वर येतो. गाड्यांची रांग लागते, धबधब्यापुढे फोटो काढतात, भाजलेलं कणीस खातात. जुलैत डोंगरात जायची मोकळीक सगळ्यांना आहे, फक्त डोंगरातल्यांना नाही.

मी या वेळी शहाणपणा केला. दरड पडली तर लांबच्या वाटेने तरी परतता यावं म्हणून जातानाच नवऱ्याला पिकअपसकट पकडून नेलं.

रविवारी सकाळी खाचरात वाडीतली सगळी उभी होती. साहेबांची गाडी खरंच आली. मित्रांना धबधब्यावर पुढे पाठवून ते एकटे उतरले, पांढरे बूट, हातात मोबाईल. बांधावर सासूबाई इरलं पांघरून उभ्या. इरलं आता कुणी वापरत नाही, सगळे प्लॅस्टिकचा कागद घेतात, पण साहेब येणार म्हणून त्यांनी मुद्दाम माळ्यावरून काढलं होतं.

"फोटो काढतो आजी," साहेब म्हणाले.

"काडा. मंग बूट काडा."

साहेबांना वाटलं होतं, चार रोपं लावायची, हसायचं, चहा प्यायचा. ते शेतकऱ्याचे पोर, पण पेरूच्या झाडाला वाकावं लागत नाही. त्यांनी पँट दुमडली आणि उतरले. दोन बायकांच्या मधे त्यांना जागा दिली. मी त्यांच्यापासून तिसरी. आमच्या खाचरात तुम्ही कोण हे कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना आधीच माहीत होतं.

पहिला तासभर साहेब जोरात होते, पलीकडच्या एका पोरीला रोप कसं धरायचं तेही दाखवत होते. मग रोपं वाकडी यायला लागली. मग कमरेवर हात. शेवटी त्यांनी पाय उपसून काढले, बांधावर जाऊन बसले, चहा घेतला, फोन बघितला, म्हणजे रेंज नाही हे बघितलं. रांग पुढे सरकत राहिली. बऱ्याच वेळाने त्यांना स्वतःलाच कसंतरी वाटलं असावं, ते उठले आणि आपल्या जागी यायला निघाले.

सासूबाईंनी काठी आडवी धरली. "सायब, तिकडं न्हाई. हिकडं या, पहिल्या वळीला."

"का? मी तिथवर लावलं होतं ना."

"लावलं व्हतं. पन तुमी मधी भाईर बसलात. आता पहिल्यापासनं. आदीचं धरत न्हाई आमी."

साहेब हसायला लागले आणि अर्ध्यावर थांबले.

"नवीन लागलात म्हनल्यावर शिकाया पायजे," सासूबाई अगदी गंभीरपणे म्हणाल्या. "आदी हात धुवा. असं न्हाई, बोटांच्या मधी बी धुवा. हां. आता रोप धरायचं कसं ते ही पोरगी दाकवील. हिला मागल्या घटकंला तुमीच दाकवत व्हता, पन ते आता सोडा."

एवढं सगळं मी कधी सांगितलं होतं? दोन-तीन वर्षांपूर्वी, एकदाच. त्यांनी ते सुपारीसारखं गालात धरून ठेवलं होतं. रांगेतल्या सगळ्या बायका खाली वाकलेल्या, आणि सगळ्यांच्या पाठी हलत होत्या. मी इतकी वाकले की नाकाला चिखल लागला.

साहेब चिखलात उभे होते, धुतलेले हात पुढे धरून. ते चिडून निघून गेले असते तर आम्ही काय करणार होतो? मला त्या क्षणी खरोखर भीती वाटली. वाटलं, गेली आता करड्या शर्टाचीसुद्धा नोकरी. मग त्यांनी त्या पोरीकडे बघितलं आणि म्हणाले, "दाखव बाई. कसं धरायचं?"

त्यांनी दिवस पुरा केला. नंतर पुन्हा बांधावर बसले नाहीत. दुपारी मित्रांची गाडी न्यायला आली, तिला त्यांनी हातानेच संध्याकाळी ये म्हणून सांगितलं. ऊन नव्हतंच, पण त्यांचा चेहरा उन्हात राबलेल्यासारखा झाला होता. शेवटची ओळ संपल्यावर पद्धतीप्रमाणे सगळ्यांना घरी जेवण. साहेब भिंतीला पाठ टेकून बसले, नाचणीची भाकरी आणि कालवण दोनदा घेतलं. मी वाढायला गेले तेव्हा हळूच म्हणाले, "हे तुम्ही शिकवून ठेवलं होतं ना त्यांना?"

"नाही साहेब," मी म्हटलं. "मला कंपनीने शिकवलं, मी फक्त घरी सांगितलं."

सासूबाईंनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, की साहेबांचा दिवस फिटला, आता त्यांच्याकडे काही नाही. साहेबांनी उठताना भिंत धरली.

ऑगस्टमध्ये एकच जागा निघाली, आणि नाव माझं लागलं. साहेबांनी ते का केलं हे मी विचारलेलं नाही. माणसाची कंबर दुखत असली की तो जास्त न्यायाने वागतो, असं माझं आपलं मत आहे. त्यांची कंबर दोन आठवडे दुखत होती, मामांनी मला रोजचा अहवाल दिला होता. डोंगरातल्या बाकीच्या मुली अजून करड्यातच आहेत, आणि जुलै आला की त्यांच्याकडे तसंच बघतात. त्या मला म्हणतात, सगळ्यांच्या सासवा पाठवायच्या का आता? मी म्हणते, पाठवा. साहेबांनी आख्खा जुलै सुट्टी टाकलेली बरी.

निळा शर्ट हातात मिळाला तो मी कंपनीतच अंगावर चढवला आणि जेवणाच्या सुट्टीत गेटजवळ येऊन सासूबाईंना फोन केला. त्या खडकावर उभ्या होत्या, वाऱ्याचा आवाज येत होता.

"आत्याबाई, कायम झाले."

"कायम म्हंजी काय गं व्हतं?"

मी पगार सांगायला लागले, फंड सांगायला लागले.

"ते ऱ्हाऊ दे. म्हंजी वेगळं काय?"

मी जरा विचार केला. इतकी वर्षं ज्याच्यामागे धावले ते एका वाक्यात कधी म्हणून बघितलंच नव्हतं. "म्हणजे असं," मी म्हटलं, "मी आवणीला आले, चार दिवस तिकडे राहिले, तरी इथली माझी जागा माझीच राहते. परत आले की मला कुणी नवीन म्हणत नाही."

"येवडंच व्हय?" सासूबाई म्हणाल्या. "मंग ती हितं लगीन हून आलीस तवापासनं हाय की तुजी."

फोन ठेवून मी तिथेच उभी राहिले. डोळे भरून आले, आणि ते पुसायला नव्या शर्टाची बाही वापरायची माझी तयारी नव्हती. मामांनी केबिनमधून डोकं बाहेर काढलं आणि विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही मामा, नव्या शर्टाची कॉलर टोचतेय.